उंबरडोहाचा दगड

१० मार्च, सोमवार

रिटायर झालेल्या माणसाने रोजनिशी लिहू नये, लिहिण्यासारखे काही घडत नाही, असे मी दहा वर्षे म्हणत आलो. आता लिहावी लागणार, कारण एक मे जवळ येऊन राहिला आहे आणि माझ्या हातात काहीच नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उंबरडोहावर सिमेंटचा बंधारा बांधायचा विषय निघाला. मी उठून सांगितले की तिथे पाणमांजरे राहतात, बंधारा फर्लांगभर खाली घ्या. सभा हसली. हसणाऱ्यांपैकी अर्ध्यांना मीच सातवीपर्यंत विज्ञान शिकवले आहे. सरपंच नीतू हसली नाही, तीही माझीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, गुरुजी, गावाची जैवविविधता नोंदवही तुमच्याकडेच आहे, तिच्यात पुराव्यानिशी नोंद करून एक मेच्या सभेत आणा, आपण जागा बदलू. नाही आणली तर दुसऱ्या दिवशी पोकलेन येईल. पोकलेन आला की आधी काठ खणतील, आणि पाणमांजराची बिळे काठातल्या उंबराच्या मुळांतच असतात.

फेब्रुवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेला. आज डॉक्टरांनी चष्मा दिला. मुलीने, रुचिने, नागपूरहून तिचा जुना कॅमेरा पाठवला आहे.

पाचवीत असताना बाबूजींसोबत बैल धुवायला गेलो होतो तेव्हा मी तीन पाहिली. एक दगडावर उताणे पडून दोन्ही पंजांत मासा धरून खात होते, आपण भुट्टा खातो तसे. बाबूजींनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता. त्यांच्या हाताला वैरणीचा वास येत होता, तो मला अजून आठवतो. त्यानंतर पुन्हा कधी दिसली नाहीत. पण आहेत. असणारच.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी साडेसहाला डोहावर. मोटारसायकल थेट काठापर्यंत जाते, ही एक सोय आहे. दोन दिवस अर्जुनाच्या झाडाखाली बसलो, तिथे मुंग्या फार. आज पाण्याला लागून असलेला सपाट दगड हेरला. समोर पूर्ण डोह दिसतो, पाठीला सावली.

पण दगडावर घाण. काळपट, चिकट, त्यात मासळीचे खवले आणि बारीक काटे, आणि वास असा की डोके उठले. कोणी तरी मासळी साफ करून तशीच टाकून गेलेले दिसते. डोहात हात घातला तर पाणमांजरे बिथरतील म्हणून पिण्याच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या ओतून दगड धुतला तेव्हा कुठे बसता आले. दिवसभर तहानेने जीव गेला.

नोंद: पाणकावळे दोन, खंड्या एक. पळस ऐन भरात. मोह टपकायला सुरुवात. पाणमांजर नाही.

१५ मार्च, शनिवार

काल धुलिवंदन, बायकोने, धनवंताने, घराबाहेर पडू दिले नाही. आज दगडावर दोन दिवसांची घाण. खराटा घेऊन गेलो होतो म्हणून बरे. ज्या गावाला स्वच्छतेचे पहिले बक्षीस मिळावे म्हणून मी हातात झाडू घेतला, त्या गावात हे. नऊपर्यंत बसलो. एक बुडबुड्यांची रांग दिसली, समोरच्या काठाकडून मधोमध आली आणि थांबली. कासव असावे.

१९ मार्च, बुधवार

गुन्हेगार सापडला. चैतराम ढीमर, मासेमारी करणाऱ्या ढीमरांपैकी. सकाळी सहालाच त्याचे जाळे डोहात असते आणि मी पोचतो तेव्हा तो ते आवरत असतो. आज सरळ विचारले की मासळी इथे का साफ करतोस.

"मी नाही करत गुरुजी. आमी मासोऱ्या घरीच साफ करतो."

मग ही घाण कोणाची? तो पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते कोनी मानूस नाही करत. जाऊ द्या नं. सकारी सकारी कायले इचारता."

माणूस नाही तर काय भूत करते? मी त्याला जबाबदारी म्हणजे काय ते चांगले दहा मिनिटे समजावले. त्याने ऐकून घेतले आणि जाळे खांद्यावर टाकून निघून गेला. पाणमांजरांबद्दल विचारायचे ठरवले होते, तेही विचारले. नाव काढताच त्याने मान फिरवली, जणू मी शिवी दिली. ही माणसे काही सांगत नाहीत आणि मग नोंदवहीत जागा रिकाम्या राहतात.

२४ मार्च, सोमवार

आजपासून फिनाईल. पाण्याने वास जात नाही. एक झाकण फिनाईल, एक बादली पाणी, खराट्याने घासून. दगड आमच्या शाळेच्या फरशीसारखा निघाला. उद्या पुन्हा घाण असणार हे ठाऊक आहे. मी चिकाटी सोडणार नाही, चैतरामनेही सोडलेली दिसत नाही.

घरी धनवंता आमच्या पोवारी बोलीत म्हणाली की तुमच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो, मी जनावर असते तर दोन गावे दूर पळाले असते. तिला प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

नोंद: मोहाखाली अस्वलाचे पाऊल, ताजे. धनेशाची जोडी कचारगडाच्या बाजूने आली, उंबरावर बसली. फोटो हलला.

३० मार्च, रविवार

गुढी उभारली आणि तडक नीतूकडे गेलो. लेखी तक्रार दिली. तिने चैतरामला बोलावून घेतले. सणाच्या दिवशी बोलावल्याचे तिला बरे वाटले नाही, पण माझा मान ठेवला. चैतराम दारातच उभा राहिला, खुर्ची दिली तरी बसला नाही. मी सगळे तारीखवार वाचून दाखवले. अठरा दिवसांत सतरा वेळा मी तो दगड धुतला आहे, एक दिवस तेवढा धुलिवंदनाचा. नीतूने विचारले, तुला काही म्हणायचे आहे का?

तो म्हणाला, "गुरुजी खोटं बोलतीन का? उद्यापासून त्याइले दगड साफ भेटन."

कबुली झाली की नाही? नीतू माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत होती. सरपंच झाल्यावर माणसे सगळ्यांनाच सांभाळून घ्यायला लागतात.

५ एप्रिल, शनिवार

सलग सहा दिवस दगड स्वच्छ. काही लोकांना लेखीच कळते.

मात्र पाणमांजर नाही. नाही म्हणजे नाही. बसून कंबर धरते. धनवंताचे म्हणणे, गाडी तिठ्यावर ठेवून पायी जा, पांढरा शर्ट घालू नका, आणि दर अर्ध्या तासाने खाकरू नका. ती डोहावर आयुष्यात चार वेळा गेली असेल. बाबूजी तर बैल घेऊन गेले होते, घुंगरांचा आवाज काय कमी होता? तेव्हा दिसली ना.

१४ एप्रिल, सोमवार

नाल्याचा प्रवाह तुटला. आता वर-खाली नुसती वाळू, पाणी फक्त उंबरडोहात. असतील तर इथेच असतील, दुसरीकडे जायला जागा नाही. हे मी रुचिला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, पप्पा, मग त्यांनाही तुमच्यापासून दुसरीकडे जायला जागा नाही. मी फोन तिच्या आईला दिला.

कॅमेऱ्यात आजवर एकतीस फोटो आहेत आणि सगळ्यांत पाण्यावरची वर्तुळे. दरवेळी मी गाडी स्टँडवर लावतो आणि त्याच वेळी डोहात काही तरी बुडते. एवढा योगायोग कोणाच्या वाट्याला येत असेल?

२२ एप्रिल, मंगळवार

तेंदूपत्त्याचे दिवस जवळ आले, डोंगरात माणसांची ये-जा वाढली. डोह कमरेइतका उरला आहे. ऊन सातलाच चटके देते.

आज एक गोष्ट मनात आली, ती लिहून टाकतो. मी खरेच पाहिली होती का? की बाबूजींनी कधी सांगितलेले ऐकून मला पाहिल्यासारखे वाटते? त्यांचा हात तोंडावर होता हे खात्रीने सांगतो. पण हाताच्या पलीकडे काय होते, ते आता सांगता येत नाही. पंचावन्न वर्षे झाली. ग्रामसभा हसली ती कदाचित बरोबर हसली. मला फार राग येतो आहे आणि कोणाचा येतो आहे ते कळत नाही.

चैतराम रोज दिसतो. राम राम करतो आणि जातो. त्याच्या बायकोने, नंदाबाईने, आमच्या घरी मासळी आणणे बंद केले आहे, असे धनवंताने आज जेवताना सांगितले. मी म्हटले, दुसरीकडून घे.

२६ एप्रिल, शनिवार

रुचिने गोंदियातल्या एका मुलाचा नंबर दिला. भुपेंद्र, नदीतल्या प्राण्यांचा अभ्यास करतो. दुपारी फोन केला. मी माझ्या सत्तेचाळीस दिवसांचा पाढा वाचला. तो शांत ऐकत होता. मग म्हणाला, सर, पाणमांजर दिसणे कठीणच असते, आम्हीही दिसण्यावर अवलंबून नसतो. पुरावा म्हणून त्याची विष्ठा पुरते. पाण्याला लागून एखादा सपाट दगड असतो, सगळा कुटुंबकबिला तिथेच येतो, वर्षानुवर्षे तीच जागा. काळपट, चिकट असते, त्यात मासळीचे खवले आणि काटे, वास अतिशय उग्र. एकदा पाहिली की विसरणार नाही. तुमच्या डोहावर असे काही दिसले का?

मी म्हटले, बघतो. आणि फोन ठेवला.

सतरा वेळा. खराट्याने. फिनाईल टाकून. वर माझ्याच अक्षरात तारीखवार यादी करून सरपंचाला वाचून दाखवली.

संध्याकाळी जेवलो नाही. धनवंताने विचारले तेव्हा पोट बिघडले म्हणालो.

२७ एप्रिल, रविवार

आज पहाटे उजाडताना पायी गेलो. निळा शर्ट घातला होता. दगड स्वच्छ. पण ओला. सगळीकडे कोरडे ठणठणीत आणि तेवढाच दगड ओला, खाली पाण्याचा ओघळ. जवळ चैतरामची ॲल्युमिनियमची बोगणी, पाण्याचे पातेले, पडलेली, तो पलीकडे जाळे उचलत होता. तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. मी धुणे थांबवले त्या दिवसापासून तो धुतो आहे.

हाक मारली नाही. तसाच परत आलो. दिवसभर घरात येरझारा घातल्या, आणि ऊन उतरल्यावर त्याच्या घरी गेलो. चौतीस वर्षे या गावात शिकवले, त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकल्या, पण त्याच्या अंगणात मी आज पहिल्यांदा उभा राहिलो. नंदाबाईने खाट टाकली आणि आत गेली.

मी विचारले, तू रोज दगड धुतोस? तो म्हणाला, "तुमीच म्हनलं होतं नं, साफ पायजे. तुमी यायच्या आंधी धुऊन राहिलो."

मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस की ती पाणमांजराची आहे? तो हसला, पहिल्यांदाच. "सकारी त्याचं नाव नाही घेत आमी, गुरुजी. माह्या बापानं नाही घेतलं, त्याच्या बापानं नाही घेतलं. नाव घेतलं का तो आयकते अन् जारं खाली निंगते, एक मासोरी भेटत नाही. तुमी रोज सकारीच इचारलं. एक डाव संध्याकारी आले असते तं सांगतलं असतं."

मग त्याने सगळे सांगितले. मादी आणि तिची दोन पिल्ले, पिल्ले दिवाळीच्या पाठची. उंबराच्या तिसऱ्या मुळाखाली बीळ. पहाटे दगडावर येतात, लोळतात, भांडतात. "तुमच्या गाडीचा आवाज तिठ्यावर आला का बुडतेत. मी म्हनो, गुरुजी कायले येतेत बापा रोज?"

मी इतके दिवस त्याच्यावर आळ घेत होतो आणि तो मला विचित्र माणूस समजून सांभाळून घेत होता. माफी मागायला गेलो होतो. चहा प्यालो, तेंदूपत्त्याबद्दल बोललो, उठलो. मी मुलांना चुकी कबूल करायला लावत आलो, उभे करून, सगळ्या वर्गासमोर. मला स्वतःला ते येत नाही हे आज कळले.

फाटकापाशी त्याने विचारले, "उद्या धुऊ का नोको धुऊ?"

नको म्हणालो.

२८ एप्रिल, सोमवार

दगड कोरडा. काहीच नाही. भुपेंद्रला फोन केला, सगळे सांगितले, फिनाईलसकट. फिनाईल किती दिवस टाकले ते त्याने विचारून घेतले. म्हणाला, सर, वास पुसत राहिलो की कधी कधी जागा सोडतात. पण सोडतीलच असेही नाही. मिळाली तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मी लिहून देतो.

२९ एप्रिल, मंगळवार

काहीच नाही. तिठ्यापासून पायी, खाकरलो नाही, दूर अर्जुनाखाली मुंग्यांत बसलो. जी शिस्त दीड महिना सुचली नाही ती आज पाळून काय उपयोग?

३० एप्रिल, बुधवार

पहाटे अवकाळी पाऊस, सोबत गारा. दगडावर काही असलेच तर तेही गेले. घरी येऊन नोंदवही उघडली. पाणमांजराच्या पानावर 'पुरावा' असा रकाना मीच पट्टीने आखला होता. बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो, मग वही मिटली. उद्या सभा आहे आणि दाखवायला काही नाही. मिळाले होते ते मी नाल्यात सोडून दिले.

१ मे, गुरुवार

आठला झेंडा झाला, साडेआठला सभा. विषय तिसरा: उंबरडोह बंधारा. नीतूने माझ्याकडे पाहिले. मी नोंदवही घेऊन उठलो.

रात्रभर एक भाषण जुळवले होते. तहसील, पर्यावरण, पुढची पिढी. उभा राहिलो आणि ते सगळे विसरलो. मी म्हणालो की पुरावा होता. दगडावर रोज होता. मी तो सतरा दिवस धुतला, कारण मला वाटले ती माणसाची घाण आहे, आणि माणूस कोण हेही मीच ठरवले. चैतरामवर मी खोटा आळ घेतला, त्याला सणाच्या दिवशी बोलावून दारात उभे केले. त्याने काहीच केलेले नाही. आळ सरपंचासमोर घेतला होता, माफी सगळ्यांसमोर मागतो.

या वेळी कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते. मी खाली बसलो. मागून कोणी तरी म्हणाले, गुरुजी म्हणतात ते ठीक, पण पुरावा तर नाहीच ना, विषय पुढे घ्या. नीतूने पेन उचलले.

तेव्हा चैतराम उठला. भिंतीशी, चपला काढतात तिथे बसला होता. पावणेनऊ वाजले होते, ऊन अजून पायरीवर चढले नव्हते. त्याने आधी बाहेर पाहिले, नाल्याच्या दिशेला.

"पानमांजर आहे उंबरडोहात," तो म्हणाला. "एक मादी, दोन पिल्लं. पानमांजर. मी रोज पायतो."

ढीमरांच्या बाया बसल्या होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली. नंदाबाईने पदर तोंडाला लावला. बाकी सभेला काय झाले ते कळले नाही. त्यांना वाटले त्याने साक्ष दिली. त्याने काय दिले ते त्या बायांना आणि मला ठाऊक होते.

नीतूने पेन खाली ठेवले. मग म्हणाली, पंधरा दिवस पोकलेन येणार नाही, वनखात्याचा माणूस बोलावून जागा पाहू, तोवर गुरुजी आणि चैतराम दोघांनी मिळून नोंद ठेवायची. कोणी हरकत घेतली नाही.

बाहेर मी त्याला गाठले आणि विचारले, सकाळ होती, का बोललास? तो म्हणाला, "तुमी उभं राहून बोलले. मंग मी काऊन बसून राहू?"

२ मे, शुक्रवार

पायी गेलो. उजाडत होते. तिठ्यावर असतानाच डोहाकडून शिट्टीसारखा बारीक आवाज आला, एकदा, मग दोनदा. मी थांबलो तिथेच, उजेड होईपर्यंत हललो नाही. दिसले काही नाही.

चैतराम काठावर जाळे पसरून बसला होता. जाळे पार रिकामे. मधोमध हातभर फाटलेले, आणि एका दोऱ्यात माशाचे नुसते मुंडके अडकलेले. त्याने ते मला दाखवले. मी काही बोलणार तोच त्याने ओठावर बोट ठेवले आणि हनुवटीने दगडाकडे खूण केली.

दगडावर घाण होती. काळपट, चिकट, ताजी, आणि वास असा की डोके उठले. मी शेजारी शाळेची लाकडी पट्टी ठेवून फोटो काढला. एखादा हलेल म्हणून चार काढले, चारही नीट आले. मग तिथेच, घाणीला धक्का न लावता, दगडाच्या कडेला बसलो. चैतराम सुई-दोरा काढून जाळे शिवायला लागला. मी दुसरे टोक ताणून धरले.

बाटलीत पाणी होते. अर्धे त्याला दिले, अर्धे मी प्यालो.